कुत्र्याला घातलेला गूळभात

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. तांबडं अंग, उभे कान, छातीवर पांढरा पट्टा, एवढीच त्याची ओळख. बायको "यू यू" करायची आणि ते यायचं. शेळ्या राखायला ठेवलेलं जनावर, त्याचं बारसं कशाला करायचं, असं माझं तेव्हाचं मत होतं आणि ते अजूनही फारसं बदललेलं नाही. पण त्या कुत्र्यापायी मी सात-आठ महिने जसा वागलो, ते कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटतं. शाळेत मी दोन यत्ता बसलो, त्याही लावणी-कापणीचे दिवस वगळून. त्यामुळं लिहिण्यात चुका सापडतील. हकिकतीत सापडायच्या नाहीत.

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला, गडाच्या पायाशी आमचं घर होतं. खाली ओढ्याकडेला भाताची चार खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरी, आणि सात-आठ शेळ्या. लढाईचे दिवस होते. भोरला राजाचं राज्य होतं, पण तिथल्या बाजारातही रॉकेल मिळत नव्हतं, साखर तर विसरायचीच. अशा दिवसांत, भादव्यात, माझी बायको तापानं गेली. बारा वर्षांचा संसार. मूलबाळ नव्हतं. घरात मी उरलो आणि कुत्रं उरलं.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर पाच-सहा बसले होते, पण एकही खाली उतरला नाही. जमलेले लोक मला एकेक बोलायला सांगू लागले. कुणी म्हणे, शेळ्या नीट सांभाळीन म्हण. कुणी म्हणे, तिच्या आईकडं आंबवड्याला जाऊन येईन म्हण. मी सगळं म्हटलं. दुसरं लग्न करणार नाही, हेही म्हटलं, आणि ते मी पुढं पाळलं. उन्हं चढली तरी कावळे जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात मागून आमचं कुत्रं आलं. त्याला मी घरी खुंटाला बांधून आलो होतो, ते दावं कुरतडून आलं. कुणाला काही कळायच्या आत पुढं गेलं आणि दोन घासांत पिंड खाऊन मोकळं झालं.

सगळे ओरडले. गावातल्या एका म्हाताऱ्यानं काठी उगारली. ती काठी मी वरच्या वर धरली.

"त्याला हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. "तिचं तिनं घेतलं."

गुरुजी म्हणाले की असं चालत नाही, दर्भाचा कावळा करू. मी नको म्हटलं. समजावणाऱ्यांनी समजावलं. माझा थोरला भाऊ लांब झाडाखाली उभा होता. आमचं बोलणं चार वर्षं बंद होतं. बांधावर ऐनाचं एक झाड होतं. राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपाची जागा पेरणीआधी जाळून तयार करायला, त्याचा पाल्या-फांद्यांचा टहाळ लागायचा. एका वर्षी त्यानं सगळा टहाळ एकट्यानं उतरवून नेला आणि विचारल्यावर हसला. तो हसला नसता तर कदाचित मी सोडून दिलं असतं. त्यानंतर तो वरच्या वाडीत म्हशी घेऊन राहायला गेला.

दहाव्यापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. बायको कुत्र्यात शिरली असं मी कधीही म्हटलं नाही, ते लोकांनी मागाहून लावलेलं शेपूट. माझं म्हणणं साधं होतं. बाकीच्यांचं कावळ्याच्या तोंडून पोचतं, तिचं ह्या तोंडून पोचलं. तर मग तिच्या आवडीचं जे काही असेल, ते ह्याच तोंडात घातलं पाहिजे. ती जिवंत असताना मी तिला कधी काही मुद्दाम आणून खायला दिलं नव्हतं. आता द्यायचं ठरवलं.

तिला काय आवडायचं, याबद्दल मला जराही शंका नव्हती. सणावाराला ती गूळभात करायची, वर तूप सोडलेला. शेंगदाण्याचे लाडू करायची. भोरच्या बाजाराला गेलो की शेव आणि रेवड्या आणायला सांगायची. मी ते सगळं करायला लागलो.

मला चूल पेटवण्यापलीकडं काही येत नव्हतं. पहिला गूळभात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. दुसऱ्याचा पाक इतका घट्ट झाला की पळी उभी राहिली. शेजारच्या बायका विचारायला आल्या असत्या, पण मी दार लोटून घ्यायचो. चौथ्या-पाचव्या वेळेला जमला. तांदूळ उत्रोलीच्या एका ओळखीच्या माणसाकडून आंबेमोहोर आणला, कारण आमच्या खाचरातला जाडा तांदूळ गूळभाताला शोभत नाही. गुळासाठी पहाटे निघून डोंगर उतरून भोरला जायचो. कधी मिळायचा, कधी हात हलवत परत यायचो. तूप धनगरवाड्यातून. मी स्वतः नाचणीची भाकरी आणि मिरची खात होतो आणि कुत्र्याच्या पानावर तूप सोडत होतो. ह्याचा मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी चुलीसमोर मी बसायचो आणि समोर ते. पान ठेवलं की मी त्या दिवसाचं बोलायचो. कुठल्या शेळीचा पाय दुखावला, कुठल्या खाचराचं पाणी फुटलं, कोण भेटलं. बायको असताना मी जेवताना एक शब्द बोलत नसे. कुत्रं पान चाटून पुसून ठेवायचं आणि मला वाटायचं, पोचलं.

दिवाळीपर्यंत ते असं गुबगुबीत झालं की अंगावरून हात फिरवला तर घसरावा. मी खूश. पौष लागला तसं ते जड चालायला लागलं. शेळ्यांबरोबर निघायचं, पण पहिल्या चढाला जीभ काढून बसायचं. मग निघेनासंच झालं. शेपटीच्या मुळाशी केस गेले, मग पाठीवर चट्टे पडले, कानांना वास यायला लागला. एक दिवस भर दुपारी वाघरानं गोठ्यामागून करडू उचललं. बिबट्याला आमच्याकडं वाघरू म्हणतात. पूर्वी त्याचा वास आला तरी कुत्रं आरडून गाव गोळा करायचं. त्या दिवशी ओसरीवर पडल्या पडल्या त्यानं मान तेवढी उचलली.

गावात लोकांना बोलायला बरं झालं. पाणवठ्यावर एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "शेळ्या राखायला दुसरं कुत्रं बघा पाटील, आन् ह्या जावयाला पाट द्या बसायला." दुसरा म्हणाला, गोडानं कुत्र्याला लूत लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी घागर उचलली आणि म्हणालो, माझ्या घरचा भात, माझं कुत्रं, तुमच्या पोटात का दुखतं. आम्ही पाटील नव्हतो, हेही त्याला ऐकवलं.

त्यांचा जळफळाट होतो आहे असं मला खरंच वाटायचं.

माघात त्याचं पोट बिघडलं. जे खाईल ते पातळ होऊन जायचं. गुबगुबीतपणा पंधरा दिवसांत उतरला आणि बरगड्या दिसायला लागल्या. मला वाटलं, कमी पडतंय. मी एका वेळेच्या जागी दोन वेळा गूळभात घालायला लागलो. तूप वाढवलं. चट्ट्यांना करंजाचं तेल चोळलं, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतलं. बाहेरून जेवढं करायचं तेवढं केलं, आणि आतून तोच गूळ ओतत राहिलो.

शिमग्याच्या आधी त्यानं खाणं सोडलं. पान समोर ठेवलं की मान वळवायचं. दोन दिवस मी तसाच ताजा भात करून ठेवत होतो आणि तसाच उचलत होतो. तेव्हा मात्र मी घाबरलो. इतरांच्या लेखी एक लुतीचं कुत्रं मरत होतं. माझ्या लेखी हे तोंड मिटलं की तिच्यापर्यंत पोचायची वाट मिटत होती, आणि संध्याकाळी ज्याच्याशी बोलावं असं जगात कुणी राहत नव्हतं.

राब भाजायचे दिवस होते. वरच्या वाडीतली माणसं शेण-पाला घेऊन आमच्या दारावरून खाली जायची. एका सकाळी माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, डोक्यावरची पाटी अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवून सरळ अंगणात आली. चार वर्षांत ती माझ्या अंगणात पहिल्यांदा बोलली.

"भावजी, कुत्रं मराया लागलंय तुमचं."

 ती खाली बसली. त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, कानात बोट घालून वास घेतला.

"काय घालता ह्याला?"

मी ताठ मानेनं सांगितलं. आंबेमोहोर, गूळ, तूप, लाडू. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आन् ती काय घालायची?"

"भाकरी घालत आसंल," मी म्हणालो.

"कशाची? कशात कुस्करून? कवा?"

मला सांगता येईना. चार-पाच वर्षं ते कुत्रं माझ्या घरात जेवत होतं आणि मी त्याला जेवताना बघितलेलं नव्हतं. मी चुलीकडं तोंड करून बसायचो, पानात पडेल ते खायचो आणि उठायचो. माझ्यानंतर घरात काय व्हायचं ते मला माहीत नव्हतं. वहिनी उठली, मला घराच्या मागं घेऊन गेली. पागोळीखाली एक पोकळ दगड होता. शेळ्यांना पाणी पाजायचा असेल म्हणून मी त्याच्यावरून कितीदा तरी गेलो होतो.

"ह्यात घालायची," वहिनी म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. नाचणीची शिळी भाकरी ताकात भिजवून, चांगली फुगू द्यायची. हुलगे शिजवले की त्यांचं वरचं पाणी त्यात. ओढ्यावर मासे मिळाले तर उकडून, काटे काढून. पावसाळ्यात खेकड्यांचं पाणी. जत्रेला बोकड कापलं तर आतड्याकाळजाचा शिजवलेला तुकडा. मीठ कशातही नाही. दिवसातून एकदा, शेळ्या कोंडल्यावर. ज्या दिवशी कुत्रं फिरलं नाही त्या दिवशी निम्मं. मी मधेच म्हणालो, आमच्याकडं म्हैस नाही, ताक कुठून येत होतं. 

"माझ्याकडनं," ती म्हणाली. "तुमी खाचरात गेला की यायची लोटा घिऊन. चार वर्सं आली की."

चार वर्षं मी ज्या घराचं पाणी घेत नव्हतो, त्या घरच्या ताकावर माझं कुत्रं वाढलं होतं. दुसरी कुठली वेळ असती तर मी तिथंच भांडलो असतो. पण त्या वेळी माझ्या तोंडून भलतंच निघालं. जिवंत माणसाला मी ते पहिल्यांदाच सांगत होतो.

"तिच्या आवडीचं म्हणून घालत होतो, वयनी."

वहिनीला आधी समजलं नाही. मग दहाव्याचं तिला कुणी सांगितलेलं असावं, तिच्या लक्षात आलं. ती हसली नाही, हे मी तिचे उपकार मानतो.

"गूळभात व्हय?" ती म्हणाली. "तिला कुठं गोड जायचं, भावजी. घास तोंडात फिरतो म्हणायची. गूळभात तुमाला आवडतो. शेव-रेवड्या बी तुमालाच. तिला आंबट लागायचं. चिच, अंबाडी, कच्ची करवंदं. माझ्या उंबऱ्यावर बसून मिठासंगं खायची."

मी तिला म्हणालो, तुमचा राब राहिला, जावा आता. तिनं पदर खोचला, पाटी उचलली आणि गेली.

दिवसभर मी ओसरीवर बसून राहिलो. सणाला तिनं गूळभात वाढला की माझं पान मला स्वच्छ आठवत होतं. त्यावरची तुपाची धार आठवत होती. तिचं पान आठवेना. ती माझ्यानंतर जेवायची. तिचं पान मी कधी बघितलंच नव्हतं. सहा महिने मी त्या कुत्र्याला माझ्याच जिभेचे लाड चारत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावर पळसाच्या पानानं झाकलेला ताकाचा लोटा होता. मी तो बराच वेळ तिथंच राहू दिला. मग घेतला. नाचणीची भाकरी भिजवली. कुत्र्यानं पहिल्या दिवशी नुसतं ताक चाटलं, तिसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली. हुलग्याचं पाणी मी करायला शिकलो. ओढ्यात पाटी लावून मासे धरले, एकेक काटा बोटांनी काढला. रोज सकाळी लोटा यायचा, संध्याकाळी मी धुऊन गडग्यावर ठेवायचो. कोण आणतं, कोण नेतं, मी बघायला उभा राहिलो नाही. पंधरा दिवसांत त्याचं पोट बांधलं. महिन्यात चट्ट्यांवर खपली धरली आणि कडेनं बारीक लव दिसायला लागली. एकदा तर शेळ्यांमागं पहिल्या चढापर्यंत आलं.

ते तसंच चाललं असतं. पण अक्षय तृतीया आली. त्या दिवशी गेलेल्यांना जेवू घालायचं असतं. मी म्हटलं, आता तरी तिचं बरोबर करू. अंबाडीची भाजी केली, चिंचेचं सार केलं, कोवळ्या करवंदांची चटणी वाटली. पान वाढून अंगणात ठेवलं. कावळा उतरला नाही, मी वाटही बघितली नाही. कुत्र्याला जवळ घेतलं. त्यानं पानाचा वास घेतला, शिंकलं आणि बाजूला जाऊन बसलं.

त्यात त्याचा काय दोष. कुत्रं अंबाडी कशाला खाईल. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते भरलेलं पान उन्हं चढेपर्यंत अंगणात तसंच पडून राहिलं, भाजी काळी पडली, आणि मला ते बघवेना. मी आत गेलो. तळाला राहिलेला गूळ काढला. भात टाकला. बायकोसाठी नाही, कुत्र्यासाठी नाही, कुणीतरी माझ्यासमोर पोटभर जेवावं म्हणून. त्यानं तो सगळा खाल्ला. पान चाटलं. शेपूट हलवलं. मी त्याच्याशी कितीतरी वेळ बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्याजवळ आडवं पडलं होतं. ओकलं होतं आणि खालून रक्त पडत होतं. डोळे उघडे होते. मी जवळ गेलो तर त्यानं पुन्हा शेपूट हलवलं, तेवढं मला सहन झालं नाही.

मी त्याला घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि वरच्या वाडीची वाट धरली. तासाभराचा चढ. वाटेत भेटलेल्यांनी विचारलं, मी चालत राहिलो. भाऊ अंगणात दावं वळत बसला होता. मला बघून त्याचे हात थांबले. त्यानं बाजूची बाज सावलीत ओढली आणि मी कुत्रं तिच्यावर ठेवलं. वहिनी आतून आली. तिनं कुत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय झालं असेल हे तिला कळलं असणार. 

"हितंच ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "माझ्या हातनं न्हाई व्हायचं. ते मागतं आन् म्या देतो."

आयुष्यात माझ्या हातून एखादी गोष्ट होणार नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं, आणि तेही कुणासमोर, तर त्या भावासमोर.

"बस," भाऊ म्हणाला. "च्या घे."

मी बसलो नाही. शेळ्या सोडायच्या राहिल्यात म्हणालो आणि उतरणीला लागलो. बसायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा पाय वळले नाहीत.

कुत्रं जगलं. वहिनीनं त्याला आठ दिवस नुसत्या ताकावर ठेवलं, मग नाचणी, मग मासे. दिवाळीला त्याच्या अंगावर नवे केस आले होते, असं तिनं गडग्यापलीकडून मला सांगितलं. पुढं सहा-सात वर्षं ते त्यांच्या म्हशींमागं होतं. खालच्या खाचरातून मान वर केली की उतारावर तांबडा ठिपका हलताना दिसायचा. मी हाक मारली असती तर ते आलं असतं. म्हणूनच मी मारली नाही. आलं असतं तर मी काही ना काही घातलं असतं.

त्यांच्या घरी मी पुढं जायला लागलो, सणाला, कुणाच्या लग्नाला. भावाशी कामापुरतं बोलणंही सुरू झालं. पण संध्याकाळी मी माझ्या चुलीपुढं यायचो. दुसरं कुत्रं बाळगलं नाही. शेळ्या मीच राखल्या, वाघरानं दोन-तीन नेल्या त्या नेल्या. दिवसाचं सांगायला समोर कुणी नव्हतं. शेळ्यांशी मी कधी बोललो नव्हतो, आणि त्या वयात ते शिकणं काही जमलं नाही.